लाल दवा बंद झाली तेव्हा

डॉक्टर म्हातारा झाला की लोक त्याला एकच विचारतात : तुमच्या हाताला गुण होता का? कपाटात काय होते, हे कोणी विचारत नाही. माझ्या हाताला गुण होता की नव्हता ते माजलगावचे लोक सांगतील. जे सांगायला उरले नाहीत, त्यांच्याविषयी मी काय बोलणार! पण कपाटाविषयी मला बोलायचे आहे. निजामाच्या राज्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ज्याने उमेदीची वर्षे काढली, त्याला औषधांच्या कपाटाइतके जवळचे दुसरे काही नसते. बायकोसुद्धा नाही. हे मी तिला तोंडावर सांगत असे आणि ती म्हणे, "मग जेवायलाही तिकडेच जात जा."

माजलगाव सिंदफणेच्या काठावर. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी आणि पडवीला चार पायऱ्या. मी डॉक्टर, हुसेनमियाँ कंपाउंडर आणि झाडलोटीला एक गडी, एवढीच आमची फौज. आसपासच्या खेड्यांतून लोक पायी, बैलगाडीने, नाहीतर कोणाच्या तरी पाठुंगळी येत. औषध सरकारचे, फुकट. बाटली मात्र रोग्याची. त्यामुळे सकाळी पडवीत बाटल्यांची जत्रा भरे. गोडेतेलाची, अत्तराची, घासलेटाची, कोणाची शाईची दौतसुद्धा. बुचाऐवजी चिंधीचा बोळा. हुसेनमियाँ ती बाटली विसळून औषध भरी आणि बाहेरून कागदाची एक पट्टी डकवी. पट्टीची कड कातरीने खाचा पाडून कापलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस. ज्यांना अक्षर येत नव्हते ते अंगठा फिरवून डोस मोजत. मी पुढे मोठमोठ्या शहरांतली इस्पितळे पाहिली, पण रोग्याला इतक्या सोप्या लिपीत सांगणारी चिठ्ठी दुसरीकडे पाहिली नाही.

आमचे मुख्य गिऱ्हाईक हिवताप. पाऊस सरला, नदीकाठची डबकी साचली, की भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत घरटी कोणीतरी कुडकुडत असायचे. त्यावर औषध एकच, क्विनीन. सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीचे हे पांढरे सत्त्व. नुसत्या पाण्यात ते विरघळत नाही, राखेसारखे तरंगत राहते. त्यात गंधकाच्या तेजाबाचे थोडे थेंब टाकले की बघता बघता पाणी निवळते. खरे औषध एवढेच. पण ते असे कडू, की प्यायलेला माणूस डॉक्टरच्या सात पिढ्या आठवतो. म्हणून आम्ही त्यात वेलदोड्याचा लाल अर्क आणि संत्र्याच्या सालीचा पाक घालत असू. मग त्याला रंग येई, वास येई, कडूपणा थोडा लपे. लोक त्याला 'लाल दवा' म्हणत. पोटशूळ असो की पाय मुरगळलेला असो, पडवीत आलेला प्रत्येक जण आधी म्हणे, "लाल दवा द्या." रंग लालभडक असला की अर्धे दुखणे दवाखान्याच्या पायरीवरच उतरे. मला त्याचे हसू येई आणि थोडी गुर्मीही चढे, कारण लोकांचा विश्वास आपल्यावर आहे अशी माझी समजूत होती.

मग एके दिवशी वरून फर्द आली. फर्द म्हणजे यादी. तेव्हा कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले. हुकूम असा होता, की यापुढे तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरने या यादीतलीच औषधे लिहायची. यादीबाहेरचे काही लागले तर कारण देऊन जिल्ह्याच्या बड्या डॉक्टरसाहेबांची मंजुरी घ्यायची. ती येईपर्यंत रोग्याने काय करायचे, ते यादीत नव्हते.

मी भडकलो. वैद्यकीचा अभ्यास मी केला, रोगी माझ्यासमोर बसलेला, आणि त्याला काय द्यायचे हे दूर कुठेतरी गादीवर बसलेला माणूस ठरवणार! हुसेनमियाँ फर्द वाचून दाखवी आणि मी कपाटातल्या बाटल्या एकेक करून बाजूला काढी. विलायती टॉनिके गेली, मधुर पाक गेले, ब्रँडी गेली. कपाटाचा एक अख्खा खण रिकामा झाला. हुसेनमियाँ त्या खणाकडे बघून म्हणाला, "साब, ये तो उजड गया."

माझा राग उतरवला तो एका वतनदाराने. त्यांचे नाव कशाला घ्या. त्यांचे नातू आता माझ्याशी अदबीने वागतात. हे गृहस्थ अंगापिंडाने पैलवान, पण त्यांना दर काही दिवसांनी 'अशक्तपणा' येई. हा अशक्तपणा मोठा चमत्कारिक. घरी पाहुणे आले, मुजरा ठरला, की नेमका यायचा. त्यावर उतारा म्हणजे दवाखान्यातली ब्रँडी. ती खरोखर मरणाच्या दारातल्या रोग्यासाठी असे, पण तालुक्यात वतनदाराला नाही म्हणणारा डॉक्टर तोवर झाला नव्हता. मीही दोन-तीनदा मुकाट्याने बाटली दिली होती. टॉनिकांचेही तेच. सरकारी पैशाचे टॉनिक माडीवर जाई आणि कार्तिक यायच्या आत गरिबाचे क्विनीन संपे.

फर्द आल्यावर ते छकड्यातून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डाक्टर, लई अशक्तपना आलाय बगा."

मी म्हटले, "ब्रँडी आता फर्दीत नाही."

"फर्द-बिर्द कारकुनाला सांगा. आमी कोन हाय?"

"तुम्ही कोण ते मला ठाऊक आहे, पण फर्दीला ठाऊक नाही. तिच्यात एरंडेल आहे. भरपूर आहे. देऊ?"

पडवीतले लोक खालमानेने हसू लागले. वतनदार लालबुंद होऊन उठले आणि थेट तहसीलदारांकडे गेले. तहसीलदारांनी फर्द मागवली, वरची मोहोर पाहिली आणि सांगितले, की यात माझ्याही हातात काही नाही. त्या दिवशी मला प्रथम कळले, की ज्या कागदाने माझे हात बांधले त्यानेच माझी पाठ राखली होती. त्या सालात क्विनीन कार्तिकानंतरही उरले. मला याचा आजही अभिमान वाटतो. नाही म्हणायला मोठी छाती लागते असे म्हणतात; माझी तेवढी नव्हती, पण फर्दीने मला ती दिली.

एक गोष्ट मात्र फर्दीला मी कधी माफ केली नाही. रक्ताच्या हगवणीवर तेव्हा सुईने टोचायचे एक नवे औषध निघाले होते. ते फक्त जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्याला मंजूर होते. ते मागण्यासाठी मी लिहीत राहिलो आणि मंजुरी आली तेव्हा ते ज्यांच्यासाठी मागितले होते त्यांतले काही जण नव्हते. ज्या फर्दीने गरिबाचे क्विनीन वाचवले, तिनेच हेही केले. दोन्ही खरे आहे आणि यातले एक सांगून दुसरे झाकावे असे मला वाटत नाही.

तर ब्रँडीच्या आनंदात मी एक ओळ नीट वाचलीच नव्हती. चवीसाठी व रंगासाठी घालायचे सगळे अर्क आणि पाक फर्दीतून काढलेले होते. जुना साठा संपला आणि हुसेनमियाँने नव्या हुकुमाप्रमाणे क्विनीनचे पहिले मिश्रण केले. ते झाले स्वच्छ, नितळ, विहिरीतून आत्ता काढल्यासारखे. त्याने बाटली वर धरली आणि मक्केच्या विहिरीच्या पवित्र पाण्याची आठवण काढून म्हणाला, "साब, ये दवा है की आबे-जमजम? लोगां मारेंगे मेरे कू."

लोकांनी मारले नाही, पण हसले. आपसांत बोलू लागले. घरी जाऊन चाखले तेव्हा कडूजहर लागले, म्हणून निव्वळ पाणी आहे असे तर म्हणता येईना. मग त्यांनी आपल्या अकलेने त्याचा उलगडा केला : सरकारने खरी दवा बंद केली आणि डॉक्टर आता कडुलिंबाचा पाला उकळून देतो. लिंब तर प्रत्येकाच्या दारात. त्यासाठी माजलगावापर्यंत कोण तंगडतोड करणार? पडवीतली गर्दी ओसरली आणि तापाचे दिवस तर भरात येत होते.

आम्ही उपाय करून पाहिले. हुसेनमियाँ म्हणाला, कात फर्दीत आहे, जुलाबावर. थोडा घालू, तांबूस रंग येईल. घातला. घटकाभरात बाटलीत दह्यासारखे फाटले आणि औषध साका होऊन तळाशी बसले. कातातला तुरटपणा क्विनीनला पाण्यात राहू देत नाही. अशा बाटलीतले वरचे पाणी प्यायले तर गुण नाही, आणि तळाचा साका एकदम पोटात गेला तर भलतेच. ती बाटली आम्ही ओतून दिली. पुड्या दिल्या तर लोक जिभेला लावून थुंकून टाकत. मी पडवीत उभा राहून व्याख्याने दिली. लोक मान डोलावत आणि बाटली नेऊन खुंटीला अडकवत.

नदीपलीकडच्या एका वाडीत एक तरणा सालगडी तापाने गेला. मी गेलो तेव्हा त्याची बाटली भिंतीला तशीच लटकत होती. औषध पट्टीच्या सगळ्यात वरच्या खाचेपर्यंत होते तसेच. त्याची बायको म्हणाली, "लिंबाचंच हाय म्हनले सगळे, म्हून न्हाई पाजलं." तिच्यावर रागावण्यात काय अर्थ होता? मी घोड्यावर बसलो आणि घरी येईपर्यंत त्या फर्दीला, रंगाला आणि स्वतःच्या व्याख्यानांना शिव्या घालत राहिलो. रात्री बसून मी अर्ज लिहिला, की निदान वेलदोड्याचा अर्क तरी परत द्यावा. शाळेतल्या मौलवीसाहेबांकडून तो सुरेख उर्दूत उतरवून घेतला आणि साहेब दौऱ्यावर येतील तेव्हा हातात द्यायचा म्हणून ठेवून दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी म्हाकू आबा आले. हे धनगर. दर साल पाऊस सरला की त्यांचा कळप सिंदफणेच्या काठी पाले ठोकून उतरे, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरे बसवी आणि पुढे गोदावरीकडे जाई. उंच, काटक म्हातारा, खांद्यावर काळी घोंगडी. पायऱ्या चढून त्यांनी दोन दिवसांपूर्वी हुसेनमियाँकडून भरून नेलेली बाटली तशीच माझ्या टेबलावर ठेवली.

"ही घ्या तुमची दवा, डाक्टर. आमच्या पालाम्होरं लिंबाची दोन झाडं हाईत."

"कोणाला ताप आहे, आबा?"

"सुनंला. सगुनाला. आडदिवशी येतोय. आज पुन्हा भरलाय. अंगावर लेकरू पितंय तिच्या." मग म्हणाले, "लाल दवा असंल तर द्या. न्हाईतर न्हाई म्हना. म्हाताऱ्याला फशिवू नका."

म्हातारा भांडायला आला नव्हता. तो घाबरला होता. मुलगा मेंढरांबरोबर पुढे गेलेला, पालात सून आणि तान्हे पोर, आणि सगळा भार याच्यावर. मी बाटली उचलली, खोगिराच्या थैलीत एक रिकामी बाटली टाकली आणि म्हटले, "चला, मीच येतो."

पाले नदीपलीकडच्या उंचवट्यावर होती. आश्विनातले ऊन, डोळे उघडवत नव्हते. अशा उन्हात सगुणा पालाबाहेर बसली होती. डोक्यापासून पायापर्यंत काळी घोंगडी लपेटलेली आणि आत दात वाजत होते. मांडीशी पोर, तेही किरकिरत होते. वीस-एक वर्षांची असेल. चेहरा पिवळा पडलेला, ओठ सुकलेले. डाव्या बरगडीखाली हात लावला तर पानथरी, म्हणजे प्लीहा, चांगली सुजलेली. तापाच्या आणखी दोन-तीन पाळ्या अशाच आल्या असत्या तर दूध आटले असते, आणि मग पोरही गेले असते. मी हे म्हाकू आबांना स्पष्ट सांगितले.

"म्हून तर लाल दवा मागतोय," म्हातारा म्हणाला.

"लाल दवेत औषध हेच होते! लाल होता तो नुसता रंग होता!"

"मग रंग कावून काढला? चांगलं व्हतं ते काढून वाईट कावून देता?"

याला माझ्याजवळ उत्तर होते, पण ते खात्याचे उत्तर होते. त्या माणसाला त्याचा काय उपयोग? माझे डोके फिरले. मी बाटली उचलून त्याच्या नाकासमोर नाचवली, "हे बघ, नीट बघ, काय वाईट आहे यात?" असे काहीतरी ओरडत. अहो-जाहो विसरलो होतो. सूर्य माझ्या पाठीशी होता. बाटलीमागे सगुणाच्या अंगावरची काळी घोंगडी आली. आणि माझा हात तिथेच थांबला.

बाटलीत निळे काही दिसत होते. उन्हाच्या बाजूच्या कडेला, काचेला लागून, निळीचे बोट बुडवून काढावे तशी फिकट निळी झाक. बाटली घोंगडीसमोरून बाजूला नेली की ती नाहीशी होई, समोर आणली की परत येई.

क्विनीन तेजाबात विरघळले की उन्हात असे निळे चमकते, हे मी शिकताना पुस्तकात वाचले होते. परीक्षेत लिहिलेही असेन. पण दवाखान्यात इतकी वर्षे क्विनीन देऊन मी ते कधी पाहिले नव्हते, कारण आम्ही ते लाल करून देत होतो. फर्दीने रंग काढला आणि आतले निळे उघडे पडले. ते दिसायला लागते कडक ऊन आणि मागे काळेभोर काही. धनगराच्या पालाइतकी त्याला चांगली जागा शोधून सापडली नसती.

"आबा, इकडे या. माझ्या जागी उभे राहा. काय दिसते?"

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. बाटली स्वतःच्या हातात घेतली, वर केली, खाली केली, हलवली. "निळं दिसतंय," तो हळूच म्हणाला.

"आता लिंबाचा पाला आणा. वाटा, पाण्यात कालवा, फडक्यातून गाळा. तुम्हीच करा, मी हात लावत नाही."

शेजारच्या पालातली माणसे जमली. कोणी पाला ओरबाडून आणला, म्हाताऱ्याने दगडावर तो ठेचला, गाळला आणि माझ्या रिकाम्या बाटलीत भरला. घोंगडीसमोर धरला. हिरवट, गढूळ, निळ्याचा मागमूस नाही. मग नदीचे पाणी भरून पाहिले. तेही तसेच. मग परत औषध. निळे. म्हाताऱ्याने हा खेळ इतक्या वेळा केला, की मला वाटले आता ऊन उतरेल. माझे घोडेसुद्धा कंटाळले होते. तरी म्हातारा बाटली सोडेना. त्याच्या तोंडावर विश्वास बसलेला दिसत होता आणि भीतीही. न पाहिलेली वस्तू सुनेला पाजायची आणि काही झाले तर मुलाला काय सांगायचे?

ज्या घोंगडीसमोर हे सगळे चालले होते, ती कुडकुडणाऱ्या एका बाईच्या अंगावर आहे, हे आम्ही सगळेच विसरलो होतो. घोंगडीतून एक हात बाहेर आला.

"मामंजी, द्या हिकडं," सगुणा म्हणाली. "मला दिसलंय."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. त्याने बाटली तिच्या हातात दिली. तिने अंगठ्याने खाच चाचपली, तेवढेच तोंडात घेतले आणि गिळले. तिचे तोंड असे वाकडे झाले, की जमलेली बायामाणसे पुढे सरसावली. तिने हाताने त्यांना थोपवले, श्वास घेतला आणि म्हणाली,

"लिंबाचं न्हाई ह्ये. लिंब ह्याच्यापरास ग्वाड असतंय."

म्हातारा हसला. मीही हसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि ते उन्हाने आले असे मी तेव्हा सांगितले.

ताप उतरल्यावर पुढचा डोस, मग रोज किती, हे मी तिलाच समजावून सांगितले. पुढच्या पाळीच्या दिवशी मी मुद्दाम पालावर गेलो. ती चुलीशी बसून भाकरी थापत होती. थंडी आली होती, पण थोडीशीच. त्याच्या पुढच्या पाळीला आलीच नाही. म्हाकू आबांनी मला मेंढीचे दूध पाजले. मला ते आवडत नाही, पण त्या दिवशी सगळे प्यालो.

यानंतर जे झाले ते माझ्या व्याख्यानांनी जन्मात झाले नसते. धनगर फिरते लोक. ही गोष्ट त्यांनी पालापालांतून आणि रानारानांतून नेली. माणसे परत येऊ लागली. हुसेनमियाँने कुठून तरी काळ्या घोंगडीचा तुकडा मिळवला आणि पडवीच्या खांबाला, ऊन येते तिथे, टांगून ठेवला. बाटली भरली की रोगी ती घोंगडीसमोर धरी, निळे दिसले की समाधानाने मान हलवी आणि घरी जाई. मग त्यातून नवीनच डोकेदुखी सुरू झाली. एक म्हातारी एरंडेलाची बाटली घोंगडीसमोर धरून मला जाब विचारू लागली, "ह्याच्यात कावून न्हाई निळं?" एक शेतकरी आभाळ भरून आलेल्या दिवशी आला. निळे दिसेना तर बाटली घेईना. ऊन पडेपर्यंत पायरीवर बसून राहिला. हुसेनमियाँ त्याला म्हणाला, "अरे भाई, आसमान भी सरकारी है क्या?" पण ऊन पडले, निळे दिसले आणि गडी बाटली घेऊन गेला. मला मनातून तो आवडला. ज्याला पाहून घ्यायचे आहे, तो औषध पिणार याची मला खात्री वाटे.

त्या हंगामात त्यानंतर माझ्या दवाखान्यातले क्विनीन खुंटीवर लटकले नाही. डॉक्टर म्हणून माझे आणखी काही नाव झाले नसेल, तरी एवढ्यावर मी ताठ मानेने बसू शकतो.

थंडी सुरू होता होता बडे साहेब जिल्ह्याहून तपासणीला आले. हैदराबादी घराण्यातले, कडक इस्त्रीची शेरवानी, बोलणे मोजके. कपाट पाहिले, भांडी पाहिली, आणि पडवीत येताच त्या कळकट घोंगडीसमोर थबकले. "ये क्या है?" हुसेनमियाँ खांबाआड झाला. मी सगळे सांगितले. साहेबांनी ते ऐकून घेतले. मग म्हणाले, फर्दीत दुरुस्ती होणार आहे. रंगाविषयी बऱ्याच दवाखान्यांची तक्रार आहे. तुमचे काय म्हणणे?

माझा अर्ज कोटाच्या खिशात होता. लहान मुलांना कडू जात नव्हते, ढगाळ दिवशी पंचाईत होई, आणि फर्दीकडून एक तरी गोष्ट परत मिळवावी अशी माझी खुमखुमीही होती. मी खिशात हात घातला.

एवढ्यात पायरीवर सगुणा आली. अंगावर बाळसे आले होते, पोर कडेवर, हातात दोन बाटल्या. दुसऱ्या कळपाची पाले जवळच उतरली होती, तिकडे तापकरी होते. अनोळखी साहेब पाहून ती पदर सावरून बाजूला उभी राहिली. हुसेनमियाँने बाटल्या भरल्या. तिने सवयीने दोन्ही घोंगडीसमोर धरून पाहिल्या. साहेब तिच्याकडे बघत होते. त्यांनी विचारले, "क्यूँ बी, दवा में पहले जैसा लाल रंग होना?"

तिला अर्धे समजले, अर्धे मी सांगितले. ती जराशी हसली, माझ्याकडे वळली, जणू असला प्रश्न डॉक्टरनेच विचारायला लावला असावा.

"रंग कावून घालायचा? रंग घातल्यावर आतलं कसं दिसायचं?"

"क्या बोली?" साहेबांनी विचारले. मी सांगितले. साहेबांनी हुसेनमियाँकडून एक बाटली घेतली, स्वतः घोंगडीसमोर धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मग ती खाली ठेवून म्हणाले, "और कोई दरख्वास्त?"

"जी नहीं," मी म्हटले आणि खिशातून रिकामा हात बाहेर काढला.

सगुणा तोवर पायऱ्या उतरून गेलीही होती. पलीकडच्या पालात कोणीतरी कुडकुडत होते, आणि ऊन असेतो तिला तिथे पोचायचे होते.